काळ्या पाण्याचा हिशेब: गोव्यातल्या रसायनशास्त्र विभागांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातल्या महाविद्यालयांचे रसायनशास्त्र विभाग, विज्ञान प्रकल्पांचे मार्गदर्शक आणि त्या प्रकल्पांना पैसे मंजूर करणाऱ्या समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

मागच्या डिसेंबरात एका महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनाला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. माझी पात्रता एवढीच, की गोव्याबाहेरच्या एका लगदा-कागद गिरणीत मी २६ वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक रिकव्हरी विभागात, म्हणजे लगदा शिजवून उरलेल्या काळ्या पाण्यातून रसायनं परत मिळवणाऱ्या विभागात. आता डिचोली तालुक्यात वडिलार्जित कुळागरात पोफळी शिंपत बसलो आहे. काळं पाणी म्हटलं की लोकांना अंदमान आठवतं. मला माझी नोकरी आठवते.

टेबल क्रमांक अकरावर केळीच्या सोपटापासून केलेला कागद मांडला होता. सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीने आणि तिच्या दोन सोबत्यांनी तो केला होता. सायीच्या रंगाचा, मधूनमधून धाग्याची रेघ दिसणारा, कडेला मुद्दाम न कापलेला. त्याची एक दिव्याची शेड केली होती आणि माटोळीचं चित्र काढलेली काही भेटकार्डं. मी कागद उजेडासमोर धरला, कोपरा फाडून पाहिला, कानाजवळ नेऊन खुळखुळवला. कागदवाला माणूस कागद आधी कानाने पाहतो. चांगला आवाज होता. मुलीने पद्धत घडाघडा सांगितली: एक किलो वाळवलेलं सोपट, दहा लिटर पाणी, दीडशे ग्रॅम कॉस्टिक सोडा, दोन तास उकळायचं, धुवायचं, मिक्सरला लावायचं, जाळीवर घ्यायचं. मागच्या फलकावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘झिरो वेस्ट’.

पहिला क्रमांक मीच दिला.

बक्षीस समारंभ झाला, चहा आणि मिरचीभजी आली. मी प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात कप घेऊन उभा होतो. तेवढ्यात त्या मुलीचे दोन्ही सोबती एक निळी बादली दोन बाजूंनी धरून, पायावर सांडू नये म्हणून तिरके चालत, मागे गेले आणि त्यांनी ती गटारात उपडी केली. उकळून उकळून काढा झालेल्या चहाचा रंग, वर साबणासारखा फेस. गटार कुंपणाखालून शेतात जात होतं आणि शेताच्या टोकाला व्हाळ होता. मी कप कठड्यावर ठेवला, पण तिथून हललो नाही. परीक्षक होतो, पाहुणा होतो, मुलं खुशीत होती. सगळे गेल्यावर गटाराच्या कडेला राहिलेल्या ओलीत बोट टेकवलं आणि दोन बोटांत चोळलं. बुळबुळीत लागलं. गिरणीत नवीन आलेल्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात: बोटं बुळबुळली की समज, तुझ्या कातडीवरच्या तेलाचा साबण होतोय, पळ नळाकडे.

हे पत्र त्या बादलीबद्दल आहे. मुलांवर माझा काही राग नाही. त्यांच्या प्रकल्पवहीत बादलीला रकाना नव्हता आणि तो रकाना छापायचं काम तुमचं आहे.

आधी बादलीचा हिशेब मांडतो, कारण तो तिथल्या कुठल्याच फलकावर नव्हता. एक किलो सोपटातून ढोबळ मानाने अर्धा किलो कागद निघाला. उरलेला अर्धा किलो कुठे गेला? पाण्यात. धाग्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारा लिग्निन, हेमिसेल्युलोजचे तुटलेले तुकडे, साखरी, रंगद्रव्यं. म्हणजे लिटरला ५० ग्रॅम सेंद्रिय माल. तो रसायनाने पूर्ण जाळायला ग्रॅममागे साधारण १.२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो असं धरलं तर सीओडी, म्हणजे ऑक्सिजनची ही रासायनिक मागणी, होतो लिटरला ६० हजार मिलीग्रॅम. नदीनाल्यात पाणी सोडण्याची सर्वसाधारण मर्यादा २५० आहे. म्हणजे मर्यादेच्या २४० पट. दहा लिटरची ती बादली कायदेशीर पातळ करायची तर २,४०० लिटर पाणी लागलं असतं, गच्चीवरच्या हजारी टाक्या जवळपास अडीच. आणि पातळ करणं हा उपाय नव्हेच, तो हातचलाखीचा भाग झाला. शिवाय दीडशे ग्रॅम कॉस्टिकमध्ये ८६ ग्रॅम सोडियम असतो, तो कागदात राहत नाही. मिठाच्या भाषेत पाव किलोला जरा कमी. हा सगळा माल अर्ध्या किलो कागदामागे. ती शेड आणि कार्डं मिळून तेवढीच होती.

एका बादलीने व्हाळ मरत नाही, हे मलाही कळतं. पण दरवर्षी कुठल्या तरी टेबलावर नारळाच्या काथ्याचा, भाताच्या पेंढ्याचा, सुपारीच्या सालीचा, आता तर काजूच्या बोंडूंच्या चोथ्याचाही कागद असतो. (या शेवटच्यात धागा असा जवळपास नसतोच. त्याचा कागद कमी आणि पापड जास्त होतो.) प्रत्येक वहीत शेवटचं वाक्य एकच: हा प्रकल्प कुटिरोद्योग म्हणून वाढवता येईल. वाढवता येईल, म्हणजे बादलीचं पिंप होईल आणि पिंपाची टाकी.

आता थोडा इतिहास, कारण तुमच्या अभ्यासक्रमात तो उलटा शिकवतात. क्राफ्ट पद्धत, म्हणजे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात लाकूड शिजवायचं, ती कार्ल डाल यांनी १८७९ मध्ये डान्झिग इथे शोधली. क्राफ्ट म्हणजे जर्मनमध्ये ताकद. तिचा कागद चिवट होतो म्हणून ती जगभर पसरली, एवढं पुस्तकात असतं आणि ते खोटं नाही. पण तिच्या आधीपासून आणि तिच्या बरोबरीने सल्फाइट पद्धत चालत होती. तिचा लगदा जास्त उजळ यायचा, ब्लीचिंग कमी लागायचं. तरी ती मागे पडली. कॅल्शियमवर चालणाऱ्या सल्फाइट गिरणीतलं वापरलेलं द्रावण जाळून रसायन परत मिळवण्याचा सुटसुटीत मार्ग नव्हता, ते नदीला जायचं. क्राफ्टचं द्रावण मात्र जाळता येत होतं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात टॉमलिन्सन यांची रिकव्हरी भट्टी चालू झाली आणि खेळ संपला. आज जगातला बहुतेक रासायनिक लगदा क्राफ्टचा आहे. डायजेस्टरने, म्हणजे लाकूड शिजवणाऱ्या भांड्याने, ती लढाई निम्मी जिंकली, उरलेली निम्मी त्याच्या मागच्या भट्टीने. लगद्यावरचं मोठं संशोधन पाहा, त्यातलं पुष्कळसं काळ्या पाण्याचं संशोधन आहे.

ज्यांनी ती भट्टी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, आणि इथे जरा रेंगाळतो, कारण माझं आयुष्य तिथे गेलं. लाकडाच्या ढलप्या १६५-१७० अंशांवर दाबाखाली शिजतात. लगदा धुतला की जे निघतं तो वीक ब्लॅक लिकर, म्हणजेच पातळ काळं पाणी, त्यात जेमतेम १५ टक्के घन, बाकी पाणी. आम्ही तो हायड्रोमीटर बुडवून ट्वॅडल या घनतेच्या मापात मोजायचो. काचेची ती नळी लिकरमध्ये डुलत उभी राहिली की आकडा वाचायचा आणि पाटीवर खडूने लिहायचा. मग एकामागून एक बाष्पीभवन यंत्रांत त्यातलं पाणी उडवायचं. एका यंत्राची वाफ पुढच्याला तापवते, त्यामुळे इंधन वाचतं. ६५-७० टक्के घन झालं की तो काकवीसारखा होतो, थंड पडला तर नळीत गोठतो, आणि मग रात्रभर वाफेचा पाइप घेऊन बसा. हा जाड लिकर भट्टीत फवारायचा. ५८ टक्क्यांच्या खाली घसरला तर फवारणी ताबडतोब बंद, कारण तळाशी वितळलेल्या क्षारावर जास्त पाणी पडलं तर स्फोट होतो. हा नियम भिंतीवर रंगवलेला असायचा आणि तो कुणाला वाचावा लागत नसे.

वरच्या भागात लिग्निन जळतो आणि वाफ देतो. तळाशी सोडियमचे क्षार वितळून साचतात आणि पन्हळीतून खाली टाकीत पडतात. रंग नारिंगी, ८०० अंशांच्या वर तापलेले, पण पाण्यासारखे पातळ. टाकीतल्या पाण्यावर ते पडताना सतत गडगडाट होतो. माझा डावा कान आज जरा कमी ऐकतो त्याचं श्रेय मी त्या टाकीला देतो, माझी बायको दुसऱ्या कशाला तरी देते. टाकीत जे तयार होतं तो ग्रीन लिकर, लोहाच्या अंशामुळे हिरवट. त्यात चुना घातला की सोडियम कार्बोनेटचा पुन्हा कॉस्टिक होतो आणि खाली चुन्याचा गाळ बसतो. तो गाळ भट्टीत भाजला की पुन्हा चुना. म्हणजे सोडा फिरून डायजेस्टरला, चुना फिरून चुन्याला, आणि लाकडातला जो अर्धा भाग कागद होत नाही तो गिरणी चालवण्याची वाफ होतो. नीट चालवलेली गिरणी शंभरातला ९५ भाग सोडा परत मिळवते. नवीन गिरण्या तर वीज विकतात.

वास मात्र जात नाही. हायड्रोजन सल्फाइड, मर्कॅप्टन, सडक्या कोबीचा. सुट्टीत गावी यायचो तेव्हा आई कपडे आधी बाहेर दोरीवर टाकायला लावायची.

एवढी सुंदर व्यवस्था, आणि ती माझ्या हातून कशी मोडली तेही सांगितलं पाहिजे. मी २७ वर्षांचा होतो, जुलै महिना, तिसरी पाळी. भट्टी सकाळीच बंद पडली होती, नळी गळत होती. डायजेस्टर मात्र थांबवला नव्हता, कारण कागदाची ऑर्डर होती. वीक लिकरच्या टाक्या काठोकाठ आल्या. रात्री दोनच्या सुमाराला वरून निरोप आला: तळाचा व्हॉल्व्ह उघड, नदीला पूर आहे, कळणार नाही. तो चाकाचा व्हॉल्व्ह होता, गंजलेला, दोघांना मिळून फिरवावा लागला. दीडशे घनमीटरच्या आसपास गेला असेल. १५ टक्के धरला तरी २० टनांहून जास्त घन, त्यातला निदान तिसरा हिस्सा आमचाच सोडा. वहीत मी लिहिलं, ‘टाकी धुतली’. सकाळी पाळी सुटल्यावर पुलावरून सायकल हाकताना खाली घाटावर तपकिरी फेस दिसला, गुडघाभर. एक म्हातारी कपड्यांचं गाठोडं डोक्यावर तसंच ठेवून त्याच्याकडे बघत उभी होती. मीही सायकल थांबवली नाही.

म्हणून त्या दिवशी व्हरांड्यात कप ठेवताना मला ती जुनी रात्र आठवली. प्रायश्चित्त वगैरे मोठा शब्द नको, पण हे पत्र त्यातूनच आलं आहे.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, मोठ्या गिरण्यांची पापं आमच्या छोट्या हातकागदाच्या माथी का मारता? उलट आहे. भारतात पेंढा, उसाचं चिपाड यांवर चालणाऱ्या शेकडो छोट्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या बहुतेकांकडे रिकव्हरी नव्हती. भट्टी छोट्या आकारात परवडत नाही, ते एक उच्च दाबाचं बॉयलर आहे, चहाची किटली नव्हे. परिणाम असा की टनामागे छोटी गिरणी मोठीपेक्षा कितीतरी पट जास्त घाण सोडत आली. २००३ मध्ये केंद्र सरकार आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांबरोबर जी सनद केली तिच्यात अशा गिरण्यांसमोर सरळ पर्याय ठेवला गेला: काळ्या लिकरची सोय लावा, नाही तर रद्दीच्या कागदाकडे वळा. ‘छोटं ते सुंदर’ हे वाक्य फार गोड आहे. लगद्याच्या बाबतीत ते खरं ठरवायला खूप मेहनत लागते.

पेंढ्याचं तर आणखी एक दुखणं आहे. आपल्या शेतांतून भातकापणीनंतर पेंढा ढिगांनी निघतो आणि दर दोन वर्षांनी कोणीतरी ‘पेंढ्यापासून कागद’ असा प्रस्ताव लिहितो. लाकडात सिलिका नावापुरती असते, बांबूत थोडी, भाताच्या पेंढ्यात दहा टक्क्यांच्या आगेमागे. सोड्यात ती विरघळते, बाष्पीभवनाच्या नळ्यांत दगडासारखी बसते आणि उरलेली चुन्याच्या गाळात जाते. असा गाळ पुन्हा भाजून भागत नाही, चक्र तिथेच तुटतं आणि गाळाचे डोंगर उभे राहतात. थोडा सिमेंटवाले घेतात. सहारनपूरला १९८० पासून केंद्रीय लगदा व कागद संशोधन संस्था आहे, तिथल्या लोकांना हा विषय डोळे मिटून सांगता येईल. तुमच्या प्रस्तावात सिलिका हा शब्द तरी असावा, एवढीच अपेक्षा.

आता दोन युक्त्या, ज्या मी गेल्या काही वर्षांत प्रकल्पवह्यांत पाहिल्या आणि ज्यांना गुण मिळाले.

पहिली: तुरटी किंवा आम्ल टाकून पाण्याचा रंग काढायचा. आम्ल टाकलं की लिग्निन तपकिरी गोळ्यांत खाली बसतो, वरचं पाणी फिकट दिसतं, मुलं टाळ्या पिटतात. मीही पिटल्या असत्या. पण सोडियम कुठे गेला? कुठेच नाही, आहे तिथेच आहे, फक्त आता मिठाच्या रूपात. ते ‘स्वच्छ’ पाणी कुळागरात सोडलं तर चिकणमातीचे कण एकमेकांना सोडतात, माती वरून बंद होते, पाणी मुरत नाही. आपले पूर्वज खाजनाला, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताला, बांद घालून आणि मानशीची दारं भरतीओहोटीला उघडमीट करून खारं पाणी शेताबाहेर ठेवत आले. आपण गोड्या झऱ्यावर शिंपलेल्या जमिनीत स्वतःहून क्षार ओतायचा?

दुसरी युक्ती जास्त शहाणी आहे, म्हणून जास्त धोक्याची. अहवालात फक्त बीओडी, म्हणजे माल कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन, द्यायचा. आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर तीन दिवसांचा मोजतात. लिग्निन तीन दिवसांत जंतूंना चाववतच नाही, त्यामुळे आकडा साळसूद येतो. सीओडी सोबत दिला की खरं बाहेर येतं. दोन्ही आकडे शेजारीशेजारी मागा, एवढं केलं तरी निम्मे ‘झिरो वेस्ट’ फलक उतरतील. क्लोरीनच्या ब्लीचिंगबद्दल लिहीत नाही. घरगुती ब्लीचिंग पावडर वापरून कागद पांढरा करू नका, एवढं पुरे. १९८०च्या दशकात अशा पाण्यात विषारी डायॉक्सिन सापडले तेव्हा मोठमोठ्या गिरण्यांना पद्धत बदलावी लागली. तुमच्या केळीच्या कागदाला पांढरं व्हायची गरजच काय?

गोव्यात हे सगळं लिहायचं विशेष कारण आहे. आपल्याकडे लगद्याची गिरणी नाही, म्हणून काळं पाणी आपल्या डोळ्यांच्या सवयीचं नाही. तांबडं पाणी आपण लगेच ओळखतो. डिचोली-सत्तरीत पावसाळ्यात खाणीच्या डंपावरून शेतात उतरलेलं पाणी ज्याने पाहिलं, त्याला कोणी समजवावं लागत नाही. १९९५ मध्ये केरीच्या पठारावरच्या नायलॉन प्रकल्पाविरुद्ध फोंडा पेटला, एका तरुणाचा जीव गेला आणि प्रकल्प गोव्यातून गेला. त्याचा आपल्याला अभिमान आहे, असावा. पण आपल्या पोरांच्या वह्या कुठल्या तरी नदीकाठीच तयार होतात. केरळात चालियारच्या काठी मावूरला लगद्याची गिरणी (तिचा लगदा रेयॉनच्या धाग्याला जायचा) १९६३ मध्ये सुरू झाली. नदीसाठी आणि हवेसाठी लोक वर्षानुवर्षं झगडले, त्याच वेळी गिरणीवर पोट असलेले कामगारही होते, आणि अखेर २००१ मध्ये ती कायमची बंद झाली. बांबू ज्या डोंगरांतून यायचा तिथलं नुकसान वेगळंच. तिथली माणसं आजही दोन बाजूंनी बोलतात आणि दोन्ही बाजू खऱ्या आहेत. आपल्याला तो पेच आला नाही, कारण आपण कागद दुकानातून आणतो.

आणि आता तो आपण स्वतः करायला निघालो आहोत, छोट्या प्रमाणात, बचतगटांतून, विद्यार्थ्यांतून. मला आनंदच आहे. पण खांडेपार नदीला मिळणाऱ्या व्हाळात पडलेली बादली ओपाच्या पाणीपुरवठ्याच्या वरच्या अंगाला पडते आणि ओपाचं पाणी पणजीच्या नळाला येतं. गोव्यात वरचं आणि खालचं यांत तासाभराचंच अंतर आहे.

मग करायचं काय? मुलांना कागद करू नका म्हणायचं? अजिबात नाही. चिंधीचा कागद करा, कापसाच्या कापडाच्या कतरणीत लिग्निन नसतो, कॉस्टिकमध्ये शिजवावंच लागत नाही. कुटून धागा मोकळा केला की झालं. पण केळीचंच करायचं असेल तर एक विषय तुमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना फुकट देतो. सोडा टाकून द्या आणि पोटॅश घ्या.

कॉस्टिक पोटॅश महाग आहे, माहीत आहे. पण हिशेब करून पाहा. दीडशे ग्रॅम कॉस्टिक सोड्याच्या जागी २१० ग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागेल. खताच्या भाषेत ते होतं १७५ ग्रॅमच्या आसपास पोटॅश. मोठ्या माडाला वर्षाला १,२०० ग्रॅम पोटॅश द्यावं अशी शिफारस आहे. म्हणजे एका माडाच्या वर्षाच्या गरजेएवढं पोटॅश साधारण सात बादल्यांत. जो क्षार मातीला मारत होता त्याच्या जागी माड मागतो तो क्षार आला. लगेच उठून माडाच्या आळ्यात ओतू नका. आधी तो उदासीन करावा लागेल, लिग्निनचं मातीत काय होतं ते पाहावं लागेल, एका वेळी किती द्यायचं, पावसाळ्यात किती वाहून जातं हे मोजावं लागेल. हेच तर संशोधन आहे. दोन वर्षं, दहा माड, आणि तुलनेला दहा साक्षीचे माड. यातून प्रबंध होईल, आणि त्या प्रबंधाचा कोणाला तरी उपयोग होईल.

त्याहून पुढची पायरी मला जास्त आवडते. केळीच्या खुंटाची राख पोटॅशने भरलेली असते. आसामात तिच्यातून पाणी गाळून कोलाखार करतात आणि तो जेवणात घालतात. त्या राखेचं निवळ घेऊन सोपट शिजवता येईल का? कार्बोनेट असल्यामुळे कॉस्टिकपेक्षा सौम्य, वेळ जास्त लागेल, लाकडाला ते पुरणार नाही. पण सोपटात लिग्निन लाकडापेक्षा पुष्कळ कमी. मी घरी मागच्या पडवीत एका जुन्या भाताच्या टोपात दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा धागा मोकळा झालाच नाही. दुसऱ्यांदा सोपट आधी आठवडाभर पाण्यात कुजत ठेवलं आणि मग पाच तास शिजवलं, तेव्हा झाला. कागद खरबरीत आला, खुळखुळला मात्र. माझ्याकडे पीएच मीटर नाही, तराजू दुकानातला आहे, त्यामुळे याला कोणी संशोधन म्हणू नये. (तो टोप आता माझ्याच नावावर आहे, स्वयंपाकघरात परत घेतला गेला नाही.)

समित्यांकडे माझी मागणी छोटी आहे. अर्जाच्या नमुन्यात आणि प्रकल्पवहीत एक पान वाढवा. त्या पानावर मुलाने लिहावं: एक किलो माल घेतला, इतका कागद झाला, बाकीचा माल कुठे आहे, इतका क्षार घातला, तो आत्ता कुठे आहे, पाणी इतके लिटर, सीओडी इतका, बीओडी इतका, आणि ते पाणी कोणी, कधी, कुठे ओतलं. बेरीज जुळली नाही तरी चालेल, आमचीही महिनाअखेरीला कधी जुळली नाही आणि न जुळलेल्या आकड्याचा शोध घेता घेताच मी रिकव्हरी शिकलो. पान कोरं असेल तर मात्र पैसे देऊ नका. आणि परीक्षकाला टेबलाच्या मागची बादली दाखवणं सक्तीचं करा. माझ्यासारखे परीक्षक कागद खुळखुळवण्यात रमतात.

त्या मुलीला मी नंतर महाविद्यालयामार्फत निरोप पाठवला. ती एका रविवारी वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून आली. मी तिला बादलीचा हिशेब करून दाखवला. ती गप्प झाली, मग म्हणाली, “सर, मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?” मला उत्तर सुचलं नाही. बायकोने सोलकढी आणून ठेवली, ती प्यायलो.

माझ्याकडे ट्वॅडलचे दोन हायड्रोमीटर आहेत, निवृत्तीच्या वेळी मागून घेतलेले. एकाच्या काचेला तडा आहे पण आकडा बरोबर दाखवतो. सोबत लिकरच्या तक्त्यांची एक वही आहे, हाताने उतरवलेली, काही पानं वाळवीने खाल्लेली. कुठल्याही विभागाला हवं असेल तर न्यायला या, परत आणून दिलं नाही तरी चालेल. चारनंतर यावं, दुपारी मी झोपतो, आणि डाव्या बाजूने हाक मारली तर ऐकू येत नाही.

आपला,
एक निवृत्त रिकव्हरीवाला
तालुका डिचोली